पवनचक्क्यांच्या सड्यावरचे सरडे आणि बेडूक: कसे मोजायचे, बांधकामात कसे सांभाळायचे

पवनचक्कीचं पातं सरड्याला लागत नाही. पक्षी आणि वटवाघळं पात्यांवर आपटून मरतात, खाली शवं सापडतात, म्हणून त्यांची निदान मोजदाद तरी होते. सरडे, पाली, साप, बेडूक, देवगांडुळं (गांडुळासारखे दिसणारे बिनपायांचे उभयचर) यांचं नुकसान असं डोळ्यांवर येत नाही. ते दोन वाटांनी होतं. एक वाट जमिनीतली: रस्ता, पाया, केबलचा चर, पसरलेला मुरूम, उचलून नेलेले दगड. दुसरी आकाशातली: चक्क्यांमुळे शिकारी पक्षी ती जागा सोडतात. ही दुसरी वाट फसवी आहे, कारण तिथे सरडे कमी होत नाहीत, वाढतात, आणि नुसती डोकी मोजणारा "इथे तर उत्तम चाललंय" असं लिहून मोकळा होतो.

साताऱ्याजवळचं चाळकेवाडीचं पठार हे याचं नीट अभ्यासलेलं उदाहरण. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी तिथे चक्क्या असलेला आणि नसलेला भाग यांची तुलना केली. निष्कर्ष २०१८ साली 'नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन'मध्ये आले. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी, त्यांचे हल्लेही कमी. सारडा सुपर्बा हा गळ्याला पंखा असलेला सरडा तिथे जास्त दाट. पण त्याच सरड्यांच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक कमी, माणूस अगदी जवळ आला तरी ते उशिरा पळायचे, अंगाने हडकुळे होते आणि नरांचे रंग फिके. वरून झडप घालणारं कुणी नाही, म्हणून भीती नाही. भीती नाही म्हणून गर्दी, आणि गर्दीत खाणं वाटून घ्यावं लागतं.

या सरड्याच्या शास्त्रीय नावातला 'सारडा' हा आपल्या मराठीतला 'सरडा'च आहे. २०१६ साली ही प्रजाती नव्याने मांडली गेली तेव्हा तो शब्द उचलला गेला. आपल्याच शब्दाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या या जिवाची नोंद आपण तरी धडपणे करावी, म्हणून पुढचं सगळं. चाळकेवाडी, पाटणचा पट्टा किंवा चक्क्या उभ्या असलेलं वा येऊ घातलेलं कोणतंही माळरान, सडा (म्हणजे उघड्या जांभ्या कातळाचा माथा), पठार: रीत हीच.

जागा कशा निवडायच्या

इथे चूक झाली तर पुढचं सगळं मोजमाप वाया जातं. चक्क्यांचा एक भाग आणि त्याच्यासारखाच बिनचक्क्यांचा एक भाग, अशा जोड्या लावायच्या. 'सारखा' म्हणजे उंची, जांभ्याचा थर, सुट्या दगडांचं प्रमाण, गवताची उंची, चराई आणि वणवा या सहा बाबतींत सारखा. शेवटच्या दोन सर्रास राहून जातात. गेल्या वर्षी जळालेला सडा आणि न जळालेला सडा यांची तुलना केलीत, तर तुम्ही वणव्याचा परिणाम मोजताय, चक्कीचा नाही. गावात विचारा. गुराख्याला कोणता तुकडा कधी पेटला ते बरोबर आठवतं.

दोन भाग एकमेकांपासून निदान एक-दोन किलोमीटर लांब असावेत, मध्ये दरी असेल तर उत्तम. प्रत्येक भागात चालत मोजणी करायच्या ८ ते १० रेघा आखा, प्रत्येकी १०० मीटरची, दोन रेघांत २०० मीटर अंतर ठेवून. रेघेची दोन्ही टोकं जीपीएसवर नोंदवा. रंग मारू नका, खुंट्या ठोकू नका. आणि हे लक्षात असू द्या: एकाच पठारावर चाळीस रेघा मारल्या तरी पठार एकच. जमल्यास तीन वेगळ्या पठारांवर प्रत्येकी दहा रेघा, हे एका पठारावरच्या तीस रेघांपेक्षा कितीतरी मोलाचं.

चक्क्या अजून उभ्या राहायच्या असतील तर तुमचं नशीब चांगलं. बांधकामाआधी एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा दोन्ही भागांत मोजून ठेवा, मग बांधकामानंतर निदान तीन वर्षं तसंच मोजा. आधी-नंतर आणि इथे-तिथे अशा दोन्ही तुलना हातात असल्या की "त्या वर्षी पाऊसच कमी होता" हा बचाव उरत नाही.

जंगलखात्याच्या जमिनीवर पाऊल ठेवण्याआधी परवानगी लागते. प्राणी हातात धरायचा असेल तर नागपूरच्या प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो, आणि तो हंगामाच्या कितीतरी महिने आधी गेलेला बरा. कोयना अभयारण्याचा भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. तिथे तर "फक्त बघायला आलोय" हेही चालत नाही. परवानगी येईपर्यंत हात न लावता करण्यासारखं काम भरपूर आहे, आणि खरं सांगायचं तर निम्मी माहिती त्यातूनच मिळते.

सरडे: मोजणी

सारडा सुपर्बाचा हंगाम उन्हाळा. मार्च ते मे सकाळी साधारण आठ ते अकरा या वेळात नर दगडावर चढून बसतो, पुढच्या पायांवर अंग उचलतो आणि गळ्यापासून पोटापर्यंतची घडी उलगडतो. गडद निळा, काळा आणि नारिंगी, तिन्ही रंग उन्हात एकदम पेटतात आणि पुढच्या क्षणी घडी मिटली की दगडावर फक्त एक मातकट सरडा उरतो. मादी कायमच मातकट आणि नर न फुलवता बसला तर तोही तसाच. म्हणून चमक शोधत चालू नका, आकार शोधा.

रेघेवरून अगदी सावकाश चाला, १०० मीटरला २० ते २५ मिनिटं. सरडा दिसला की तो पहिल्यांदा जिथे बसला होता ती जागा धरा, पळाल्यानंतरची नाही. तिथून रेघेपर्यंतचं काटकोनातलं अंतर टेपने मोजा. हे अंतर न मोजणं ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात सर्रास होणारी चूक. चक्क्यांच्या भागात रस्ते आणि मोकळी जागा जास्त असते, तिथे सरडा लांबूनही दिसतो. बिनचक्क्यांच्या भागात गवत उभं असतं, तिथे तो लपतो. अंतरं नसली तर 'दिसणं सोपं' आणि 'संख्या जास्त' यात फरकच करता येत नाही. अंतरं असली की 'डिस्टन्स' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घालून खरी घनता काढता येते, फक्त त्यासाठी एकूण ६० ते ८० नोंदी तरी हव्यात. प्रत्येक रेघ तीन वेगवेगळ्या दिवशी चाला आणि क्रम बदलत राहा, नाहीतर एक भाग नेहमी थंड सकाळी आणि दुसरा नेहमी तापल्यावर मोजला जातो.

प्रत्येक नोंदीसोबत दगडाचं तापमान घ्या. इन्फ्रारेड थर्मामीटर स्वस्तात मिळतो. ढग आले तर मोजणी थांबवा. वळवाच्या दिवसांत गडगडाट सुरू झाला तर पठारच सोडा: मोकळ्या सड्यावर सगळ्यात उंच वस्तू चक्की असते, आणि तिच्याखाली आसरा घेणं हा वेडेपणा आहे.

सरडे: पळ-अंतर

माणूस किती जवळ आल्यावर सरडा पळतो, ते अंतर. यंत्र लागत नाही, प्राणी धरावा लागत नाही आणि शिकारी पक्षी कमी झाल्याची खूण इथे लख्ख उमटते. शाळा-कॉलेजच्या गटांनी एकच गोष्ट मोजायची ठरवली, तर हीच मोजावी.

पूर्ण हंगामभर चालणारी व्यक्ती एकच असावी, कपडे रोज त्याच मळकट रंगाचे. सरडा निदान १० ते १५ मीटरवर असताना थांबा, तिथे एक खूण टाका. मग त्याच्याकडे सरळ रेषेत, सेकंदाला एक पाऊल अशा एकाच लयीत चाला. त्याच्यावर नजर ठेवा. तो हलला त्याच क्षणी पायाशी दुसरी खूण टाका. वाळू भरलेली छोटी कापडी पिशवी बरी, वाऱ्याने उडत नाही. आता दुसऱ्या खुणेपासून सरडा बसला होता त्या दगडापर्यंत टेप लावा. पहिल्या खुणेचं अंतरही लिहायचं, कारण लांबून सुरुवात केली की सरडा बहुधा लांबूनच पळतो. शेजारचा लपायचा दगड किती लांब, नर की मादी, तापमान, हेही लिहा. प्रत्येक भागात ३० सरडे पुरेत. एक झाला की ३० मीटर पुढे सरका, म्हणजे तोच सरडा दोनदा येत नाही.

यात एक खाच आहे. रस्त्याकडेचे आणि पर्यटकांच्या वाटेवरचे सरडे माणसाला सरावलेले असतात. ते उशिरा पळतात, पण त्याचं कारण पक्षी नसून सेल्फी काढणारे असतात. चक्क्यांच्या भागात रस्ता जास्त, म्हणून हा घोटाळा तिथेच होतो. दोन्ही भागांत रस्त्यापासून निदान १०० मीटर आत शिरूनच मोजा.

याच्याच जोडीला शिकारी पक्ष्यांची नोंद घ्या, नाहीतर साखळीतला मधला दुवा सुटतो. प्रत्येक भागात दोन-तीन उंच जागा धरा, सकाळी आणि दुपारी एकेक तास बसा. तिसा, खरुची, कापशी घार, जे दिसेल ते किती वेळ दिसलं आणि किती वेळा जमिनीवर झेपावलं, दोन्ही लिहा. झेपांचा आकडा नुसत्या संख्येपेक्षा जास्त बोलका असतो.

सरडे: वजन आणि रंग

हे परवानगी असलेल्यांसाठीच. काठीच्या टोकाला तंगुसाचा सरकफास, तो मानेवरून अलगद. शेपटीला धरायचं नाही. धरलेला सरडा सुती पिशवीत, पिशवी सावलीत. एप्रिलमध्ये जांभ्यावर उन्हात ठेवलेल्या पिशवीत सरडा काही मिनिटांत मरतो, आणि ही चूक एकदा झाली की परत दुरुस्त होत नाही.

नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतची लांबी व्हर्नियर कॅलिपरने. वजन स्प्रिंग काट्याने. सड्यावर वारा काटा हलवत राहतो, म्हणून काटा बादलीच्या आत धरा किंवा गाडीत बसून वजन करा. खिशातला डिजिटल काटा वाऱ्यात अजिबात भरवशाचा नाही. शेपूट तुटलेले सरडे आणि अंडी धरलेल्या माद्या वेगळ्या लिहा, त्या शरीरस्थितीच्या हिशेबात घ्यायच्या नाहीत. मग दोन्ही भागांतल्या सगळ्या सरड्यांची लांबी आणि वजन एकाच आलेखावर मांडा आणि मधून एक रेष काढा. जो सरडा रेषेच्या खाली, तो त्याच्या लांबीच्या मानाने हडकुळा. चक्क्यांकडचे ठिपके रेषेखाली जमले असतील, तर वाढलेल्या संख्येचा अर्थ तुम्हाला कळला.

रंगासाठी सावलीत, राखाडी कार्ड शेजारी ठेवून, कॅमेऱ्याच्या रॉ फाइलमध्ये फोटो. धरल्यानंतर जितका उशीर, तितका रंग बदलतो, म्हणून आधी फोटो, मग मापं. संप्रेरकासाठी रक्त धरल्यापासून तीन मिनिटांच्या आत घ्यावं लागतं, कारण त्यानंतर मोजला जातो तो तुमच्या हाताचा ताण. ते काम प्रशिक्षित संशोधकांवर सोडा. सोडताना सरडा जिथे धरला त्याच दगडावर.

दगडाखालचं जग

सड्यावरचा सुटा दगड हे घर आहे. साताऱ्याच्या पठारांवरची हेमिडॅक्टिलस सातारेन्सिस ही पाल भिंतीवर चढणारी नाही, ती जमिनीवरची आहे आणि दिवस दगडाखाली काढते. तिच्या शेजारी विंचू, सापसुरळी, पावसाळ्यात देवगांडूळ, आणि कधी फुरसेही. कोकणातल्या सड्यांवर तर फुरसे आहेच असं धरूनच चालायचं.

दगड उलटण्याची रीत: दगडाची पलीकडची कड हुकने आपल्याकडे उचलायची, म्हणजे उघडणारी बाजू तुमच्यापासून लांब आणि दगड मध्ये ढालीसारखा. बोटं कधीच खाली घालायची नाहीत, पायात गमबूट. बघून झालं की आतला जीव आधी कडेला सरकवा, दगड होता तसाच, त्याच बाजूने, त्याच खाचेत बसवा आणि मग त्या जिवाला कडेने आत जाऊ द्या. आधी जीव, मग दगड ठेवला तर तो चिरडतो. दगड थोडा तिरका बसला तरी खालचा ओलावा आठवड्याभरात उडून जातो आणि ते घर रिकामं होतं. म्हणून एका रेघेवर ४० पेक्षा जास्त दगड उलटू नका, तेच दगड त्याच हंगामात पुन्हा उलटू नका, आणि भर उन्हाळ्यात दुपारी तर नकोच.

फुरसे, नाग, घोणस, मण्यार यांपैकी काहीही चावलं तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काही करायचं नाही. हात-पाय हलू न देता १०८ ला फोन आणि प्रतिविष असलेलं रुग्णालय. सर्वात जवळचं असं रुग्णालय कोणतं, हे पठारावर चढण्याआधी फोन करून विचारून ठेवा.

बेडूक: पावसाळ्यातली दोन कामं

आपल्याकडे वारा नैर्ऋत्य मोसमी पावसाबरोबर येतो. चक्क्या सगळ्यात जोरात फिरतात ते जून ते सप्टेंबरमध्ये, आणि बेडूक ओरडतात तेही तेव्हाच. दक्षिण कोरियात झाडबेडकांच्या नरांवर चक्कीच्या आवाजाचा परिणाम तपासला गेला, तेव्हा आवाजात त्यांनी हाका जास्त वेगाने द्यायला सुरुवात केल्याचं दिसलं. हाक देणं हे बेडकासाठी फार खर्चिक काम आहे.

पहिलं काम आवाजाचं. तो मोजण्यासाठी चक्कीपासून ५०, १००, २००, ४०० आणि ८०० मीटरवर बिंदू धरा. शेवटचा बिंदू दुसऱ्या चक्कीच्या ४०० मीटरच्या आत येत नाही ना, ते आधी नकाशावर बघा. रात्री साडेसात ते साडेदहा. पोचल्यावर दोन मिनिटं टॉर्च बंद करून गप्प, मग पाच मिनिटं नोंद: कोणत्या जाती, प्रत्येकी अंदाजे किती नर, एका नराच्या मिनिटाला किती हाका. रेकॉर्डरच्या माइकला फोमचं किंवा केसाळ आवरण हवंच, नाहीतर फाइलमध्ये फक्त वारा असतो. आवाजाची पातळी फोनच्या ॲपने मोजू नका, साधा ध्वनिमापक घ्या आणि 'ए' ऐवजी 'सी' भाराच्या (वेटिंगच्या) सेटिंगवर लावा. 'ए' भार खालच्या पट्टीचा आवाज कापतो आणि चक्कीचा घुमारा नेमका त्याच पट्टीत असतो.

तुलना समान वाऱ्यात करायची. सोसाट्याच्या रात्री चक्की जोरात फिरते, पण बिनचक्कीच्या सड्यावरही गवत आणि पाऊस आवाज करतातच. हातातल्या वातमापकाने प्रत्येक बिंदूवर वाऱ्याचा वेग लिहा आणि दोन्ही भागांत एकाच वेगाच्या रात्री एकमेकांसमोर ठेवा. दुरुस्तीसाठी चक्की बंद असलेली रात्र मिळाली तर ती सोडू नका. त्या एका रात्रीची नोंद दहा रात्रींच्या तोडीची.

दुसरं काम डबक्यांचं. जांभ्याच्या खळग्यांत साठणारी बोटभर-वीतभर खोल डबकी म्हणजे सड्यावरच्या बेडकांची पाळणाघरं. कोयनेचा भेक, तसाच आंबोलीचा त्याचा भाऊबंद, पहिल्या पावसांबरोबर अशाच उथळ पाण्यात अंडी घालतात. दोन्ही भागांत ३०-३० डबकी निवडा. लांबी, रुंदी, खोली, तळाशी मुरमाचा गाळ किती, आम्लता-पट्टीचा आकडा. दर तीन-चार दिवसांनी जाऊन पाणी आहे की नाही आणि आत अंडी, बेडूकमासे आहेत का ते बघा. चहाची गाळणी पुरते, मोठी जाळी तळ ढवळते. एकूण किती दिवस पाणी सलग टिकलं हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. रस्त्याच्या चराने डबक्याचं पाणी ओढून घेतलं की मधल्या उघडीपीत ते आठ दिवस आधी आटतं, आणि पाय फुटलेले बेडूकमासे चिखलात वाळतात. तिथे मेलेला एकही मोठा बेडूक सापडत नाही, पण त्या वर्षीची पिढी संपलेली असते.

बेडूक हाताळायचा तर ओल्या, स्वच्छ हाताने. डासांचं मलम किंवा सनस्क्रीन लावलेला हात बेडकाच्या कातडीला विषासारखा. एका पठारावरून दुसऱ्या पठारावर जाताना बूट ब्रशने चिखल काढून धुवा, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात पंधरा मिनिटं ठेवा, साध्या पाण्याने धुऊन कडकडीत वाळवा. कातडीच्या बुरशीचा रोग चिखलातून पसरतो. हे सगळं डबक्यांपासून लांब, गाडीपाशी.

बांधकाम: कंत्राटात काय लिहून घ्यायचं

२००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा नाही. म्हणजे जंगल जमीन किंवा अभयारण्य आड आलं नाही तर हा अभ्यास करून घेण्याची सक्ती कुणावर होत नाही. म्हणून अटी दोनच ठिकाणी घालता येतात: ग्रामपंचायतीच्या ना-हरकतीत आणि कंत्राटदाराच्या कामाच्या यादीत. तोंडी सांगितलेलं जेसीबीवाल्यापर्यंत पोचत नाही. यादीत दर लावलेली बाब असेल तरच ती होते.

सगळ्यात आधी दगड. रस्त्याची कड बांधायला, क्रेनचा चौथरा भरायला सड्यावरचेच सुटे दगड गोळा केले जातात, कारण ते फुकट आणि हाताशी. चार चक्क्यांसाठी अशा रीतीने अख्खं पठार झाडून निघतं. अट स्पष्ट लिहा: सड्यावरचा सुटा दगड बांधकामात वापरायचा नाही. रस्त्याच्या रेषेत येणारे दगड हाताने उचलून, खालच्या जिवांसह, शेजारी ५० ते १०० मीटरवर त्याच बाजूने पसरायचे. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सकाळच्या ऊबदार वेळात. रास करायची नाही, राशीत मधल्या दगडांखाली माती लागत नाही.

मग पाणी. रस्ता आखण्याआधी पावसाळ्यातलं पाणी कुठून कुठे वाहतं आणि कुठे साठतं, हे ऑगस्टमध्ये चालून नकाशावर काढा. उन्हाळ्यात आखलेला रस्ता हमखास डबक्यातून जातो, कारण मे महिन्यात ते डबकं दिसतच नाही. रस्ता डबक्यापासून निदान ३० मीटर लांब ठेवा. रस्त्याखालच्या मोरीचा तळ जमिनीच्या पातळीत, वर माती-खडीचा थर. तोंडाशी खोल सिमेंटचा हौद करायची सवय असते. तो केलाच तर आतून खडबडीत दगडी उतार द्यायचा, नाहीतर त्यात पडलेला बेडूक गुळगुळीत भिंत चढू शकत नाही. मोऱ्या दर पावसाळ्यानंतर उपसाव्या लागतात. कॅलिफोर्नियात पाम स्प्रिंग्जजवळच्या पवनक्षेत्रात वाळवंटी कासवांवर अनेक वर्षं काम झालं आहे. तिथे कासवं चक्क्यांमध्ये टिकून राहिली, पण मोरीत अडकून कासव मेल्याचीही नोंद आहे.

पायाचा खड्डा आणि केबलचा चर हे सापळेच. खड्ड्याला एका बाजूला उतार ठेवा, ३०-४० अंशांपेक्षा उभा नको. चर एका वेळी तेवढाच उघडा जेवढा त्या दिवशी बुजवता येईल. राहिलाच तर दर ३० मीटरवर मातीची उतरण आणि रात्री फळ्या. काँक्रीट ओतण्याआधी, पहाटे, एका माणसाने टॉर्च घेऊन खड्ड्यात उतरून सळयांखाली बघणं ही रोजची नोंदवहीतली बाब असावी. खड्ड्याभोवती शेडनेटचं तात्पुरतं कुंपण करतात, ६० सेंटिमीटर उंच. माळावर त्याची कड २०-३० सेंटिमीटर पुरतात, पण जांभ्यात ती पुरता येत नाही. तशीच लोंबती सोडली की खालून फट राहते. मुरूम भरलेल्या गोणी कडेवर सलग दाबून बसवा.

काँक्रीट मिक्सरचं धुणं हा गुपचूप मारणारा प्रकार. सिमेंटचं पाणी अतिशय अल्कधर्मी असतं, ते उतारावरून डबक्यात गेलं की बेडूकमासे तिथल्या तिथे संपतात. धुण्यासाठी प्लॅस्टिक अंथरलेला एकच खड्डा, पाणलोटाच्या खालच्या अंगाला, आणि जूनच्या आत तो पूर्ण उपसून नेलेला. बाहेरून आणलेल्या मुरमाबरोबर तणाचं बी येतं, तेही ध्यानात ठेवा. शक्यतो त्याच खोदाईतला मुरूम वापरा.

चक्क्या सुरू झाल्यावर

पहिल्या जोरदार पावसाच्या आठ-दहा रात्री सगळ्यात नाजूक. तेव्हा संध्याकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत गाड्या बंद, निकड असेल तर ताशी २० किलोमीटर आणि पुढे एक माणूस टॉर्च घेऊन. रोहित्राखालच्या तेलाच्या हौदात पावसाचं पाणी साठतं, वर तेलाचा तवंग, आणि बेडूक त्यात अंडी घालायला उतरतात. हौदावर बारीक जाळी आणि तळाला चावी लावा. पाणी काढण्याआधी तवंग शोषून घ्या, नाहीतर तेच तेल सड्यावर पसरतं.

दिव्यांखाली किडे जमतात, किड्यांमागे बेडूक रस्त्यावर येतात. दिवा हालचालीवर लागणारा आणि खाली तोंड केलेला असू द्या. वॉचमनच्या उरल्यासुरल्या भाकरीवर पोसलेली कुत्री आणि उष्ट्यावर जमणारे कावळे सरड्यांना गिऱ्हाईक करतात: शिकारी पक्षी गेले आणि त्यांच्या जागी ही मंडळी आली, असं होऊ देऊ नका. उष्टं झाकणाच्या डब्यात, आणि ते गावात खाली न्यायचं. कंट्रोल रूममध्ये साप येतो तो उंदरांमागे, आणि केबल शिरते त्या भोकातून. भोकं बुजवा, उंदीर थांबवा, आणि तालुक्यातल्या प्रशिक्षित सर्पमित्राचा नंबर दारावर लिहून ठेवा.

आता जुन्या छोट्या चक्क्या काढून मोठ्या उभारण्याचे दिवस आहेत. केंद्राचं त्यासाठीचं सुधारित पुनर्ऊर्जीकरण धोरण २०२३ साली आलं. जुना रस्ता आणि जुना चौथरा तोच वापरायचा, ही अट इथे पहिली. मोठ्या पात्यांच्या ट्रकला वळणं रुंद लागतात, म्हणून नवं नुकसान नेमकं वळणांवर होतं. ती वळणं आधी चालून बघा, तिथले दगड उलटून बघा. सोडून दिलेल्या चौथऱ्याचं काँक्रीट निदान वरच्या थरापुरतं काढून जागेवर दगड परत पसरा, आणि वर माती टाकून झाडं लावू नका. सडा म्हणजे पडीक जमीन नाही. उघडा कातळ हेच तिथलं जंगल आहे, आणि सावली पडली की सारडा तिथून उठून जातो.

नोंदी गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत चढवा, कच्च्या आकड्यांसह: रेघेचे जीपीएस, तारीख, तापमान, वाऱ्याचा वेग, मोजणाऱ्याचं नाव. पाच वर्षांनी दुसरं कुणी तीच रेघ, त्याच वेळी, तसंच सावकाश चालू शकलं पाहिजे.